चढावर दम सोडणारी पिकअप: टर्बो बदलूनही तोच त्रास परत का येतो

रिकामी गाडी इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर झकास धावते. माल भरून बडवाहकडून भेरूघाट चढायला लागली की तिसऱ्या गिअरमध्ये अचानक ओढ जाते, चेक लाइट पेटतो, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी इंजिन फेरे घेत नाही. कडेला घेऊन चावी बंद करा, पुन्हा चालू करा, गाडी शहाण्यासारखी निघते. पुढच्या मोठ्या चढावर पुन्हा तेच. गॅरेजमध्ये नेली तर तिथे काही दिसत नाही, कारण गॅरेजमध्ये ना चढ असतो ना हौद्यात माल.

निमाडातून इंदूरला माल आणणाऱ्या ज्या पिकअपवाल्याशी बोलावं, त्याच्याकडे हीच कहाणी निघते. माझ्या मामेभावाची, म्हणजे दादाची, गाडीही त्यातलीच: २.५ लिटरचं चार सिलिंडर कॉमन रेल टर्बो डिझेल, बीएस ४, बेडियाच्या मंडीतून मिरचीची पोती घेऊन येणारी. जास्त दम मिळावा म्हणून तिला आधीच्या मालकाने घरीच एक ट्यूनिंग बॉक्स जोडला होता आणि एअर फिल्टरच्या डब्याऐवजी उघडा कोन फिल्टर लावला होता. त्यानंतर नोझल साफ झाले, टर्बो नवा बसला, एक होज बदलला, आणि दर वेळी काही आठवड्यांत त्रास परत आला. शेवटी देवास नाक्याकडच्या एका मिस्त्रीने निकाल दिला, "भिया, पंप गया आपका." पंप म्हणजे डिझेलला दाब देणारा हाय प्रेशर पंप. दादा त्याची किंमत विचारून आला तेव्हा मी त्याला एवढंच म्हटलं, "दादा, अजून कुणी काही मोजलेलं नाही. मोजल्याशिवाय पंपाला हात लावू नकोस."

ज्यांना घरी इंजिनाचा दम वाढवायचा आहे त्यांनी तर हे आधी वाचावं. दम वाढवायला निघालेल्या बहुतेक गाड्यांत कंपनीने दिलेलाच दम कुठेतरी गळत असतो.

चावी फिरवली की गाडी बरी का होते

इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू दर क्षणी दोन गोष्टी ताडून पाहतो: इंजिनात दाबाने हवा ढकलणाऱ्या टर्बोकडून किती हवेचा दाब मागितला आणि किती मिळाला, रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, डिझेलचा किती दाब मागितला आणि किती मिळाला. ठरावीक वेळ फरक मोठा राहिला की तो इंजिन वाचवण्यासाठी इंधन कापतो. यालाच लिंप मोड म्हणतात. चावी बंद करून चालू केली की त्या फेरीपुरता हा प्रतिबंध उठतो, म्हणून गाडी बरी झाल्यासारखी वाटते. दोष तिथेच असतो, फक्त तो उघड होईल इतका भार अजून पडलेला नसतो.

म्हणून कोड पुसून टाकू नका. आधी वाचा आणि लिहून ठेवा. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी पडला, पी०२३४ म्हणजे जास्त झाला, पी००८७ म्हणजे रेलचा दाब कमी पडला. कोड भागाचं नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. पी०२९९ आला म्हणून टर्बो बदलणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महाग आणि सर्वांत वारंवार होणारी गडबड आहे. दादाच्या गाडीत तेच झालं होतं. कोड बरोबर होता, टर्बोही बरा होता, दाब वाटेत गळत होता.

सगळ्यात आधी बॉक्स काढा

जोडून चालणारे स्वस्त ट्यूनिंग बॉक्स बहुतेक एकच काम करतात. ते रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतात आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतात. ईसीयूला वाटतं दाब अपुरा आहे, तो पंपाकडून आणखी मागतो, नोझलमधून जास्त डिझेल जातं. गाडी थोडी जोरात पळते, हे खरं. पण त्याची किंमत अशी की स्कॅनरवर दिसणारा रेलचा आकडा आता खोटा आहे. आकडाच खोटा असेल तर पंप, नोझल, रेलचा प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्ह यांतलं काहीच तपासता येत नाही. हा व्हॉल्व्ह जादा दाबाने वारंवार उघडत राहिला की पुढे नीट बसतही नाही आणि खरोखरच दाब गळायला लागतो.

कोन फिल्टरही काढा आणि कंपनीचा डबा, त्याचं पुढचं हवेचं तोंड, सगळं जागेवर बसवा. बॉनेटखाली उघडा ठेवलेला फिल्टर इंजिनाचीच गरम हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी उतरते. निमाडात मे महिन्यात बाहेरच पारा कित्येकदा ४४ च्या पुढे जातो, बॉनेटखाली किती असेल याचा विचार करा. शिवाय तेल लावलेल्या फिल्टरचं तेल हवामापक सेन्सरच्या तारेवर बसतं आणि तो हवा कमी मोजू लागतो.

गाडी मूळ अवस्थेत आली की मगच मोजमाप.

इंजिन बंद असताना मिळणारा पहिला आकडा

डॅशबोर्डखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो. त्यात बसणारा ब्लूटूथ ॲडॉप्टर आणि फोनवरचं ॲप एवढ्यावर घरी बरंच काही वाचता येतं. काही गाड्यांत रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब दोन्ही दिसत नाहीत. तेवढ्यासाठी गॅरेजचा स्कॅनर तासभर मागून आणावा लागतो.

चावी ऑन, इंजिन बंद. मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला दाब, वाचा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, तेव्हा इथे बाहेरच्या हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, पुस्तकातला १०१ नव्हे. सेन्सरने ९४ ते ९६ दाखवलं तर तो शुद्धीवर आहे. हीच गाडी नर्मदेकाठी बडवाहला उभी करून वाचली तर ९९ च्या जवळ यायला हवं. दोन्ही ठिकाणी आकडा तोच राहिला, किंवा इंदूरला उभ्या गाडीत ११० दिसत असेल, तर सेन्सर काजळीने बुजलेला किंवा बिघडलेला आहे. तो काढून साफ करायला पंधरा मिनिटं लागतात आणि टर्बोच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

हा उंचीचा फरक आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. इंदुरात टर्बोला मुळात पातळ हवा मिळते. उन्हाळ्यात ४५ अंशांवर हवेची घनता १५ अंशांच्या मानाने सुमारे ९ टक्के कमी असते. ठरलेला दाब गाठायला टर्बोला इथे जास्त वेगाने फिरावं लागतं. वाटेत गळती असेल तर आणखी जास्त. ईसीयू त्याला मागत राहतो, तो फिरत राहतो, आणि शेवटी बेअरिंग जातं. नवा टर्बो पुन्हा का गेला याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

भाराखालचा आकडा

रिकाम्या गाडीवर काढलेला आकडा या तक्रारीत काही कामाचा नाही. परवान्यात बसतो तेवढा माल भरा, शेजारी फोन सांभाळायला माणूस बसवा, आणि एखादा लांब चढ घ्या. चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही. भेरूघाट वळणांचा आणि अवजड ट्रकांचा रस्ता आहे. ॲपमध्ये रेकॉर्डिंग लावून ठेवा आणि घरी येऊन आलेख बघा.

तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर, फेरे १५०० वरून ३००० कडे. तीन गोष्टी एकाच वेळी पाहायच्या: मॅनिफोल्डचा दाब, रेलचा दाब आणि धुराचा रंग. मॅनिफोल्डच्या आकड्यातून बाहेरचा दाब वजा केला की टर्बोचं खरं योगदान कळतं. १९५ मधून ९५ गेले तर १०० किलोपास्कल, म्हणजे एक बार. तुमच्या इंजिनाला किती हवा ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, तेच खरं धरायचं.

रेलचा दाब मागणीप्रमाणे चढतोय, हवेचा मागे राहतोय आणि मागून काळा धूर, तर हवा कमी आहे. हवेचा दाब ठीक, धूर जवळजवळ नाहीच, आणि रेलचा आकडा चढता चढता कोसळतो, तर डिझेल कमी पडतंय. दोन्ही आकडे ठीक, फेरे वाढतायत पण गाडीचा वेग वाढत नाही, तर इंजिनाला काहीच झालेलं नाही, क्लच घसरतोय. रीमॅप केलेल्या, म्हणजे ईसीयूमधला इंधनाचा नकाशा बदललेल्या, गाड्यांत हे तिसरं फार दिसतं, कारण वाढलेला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, जुन्या क्लच प्लेटला झेपत नाही, आणि लोक इंजिन उघडत बसतात.

दादाच्या गाडीत रेल सरळ वर जात होती. हवेचा दाब अर्ध्यावर येऊन अडकत होता, मग एकदम पडत होता. पंप निर्दोष सुटला, तोही एक बोल्ट न उघडता.

हवेची गळती घरी कशी शोधायची

टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी), तिथून मॅनिफोल्ड, या वाटेवर चार-पाच जोड असतात. हाताने चाचपून, इंजिन उभ्या उभ्या रेस करून ही गळती सापडत नाही, कारण भाराशिवाय टर्बो दाबच बनवत नाही. दाब बाहेरून द्यावा लागतो.

टर्बोच्या तोंडाच्या मापाचं पीव्हीसीचं झाकण घ्या, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. एअर फिल्टरचा होज काढून टर्बोच्या तोंडावर हे झाकण मजबूत क्लॅम्पने बसवा. क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागाच्या, वाफेची नळी टर्बोच्या आधी येऊन मिळते, ती वेगळी करून तिचं तोंड बंद करा. ऑइल भरायचं झाकण सैल ठेवा, नाहीतर आत गेलेली हवा ऑइल सील ढकलते. इंजिन थंड, चावी काढलेली, गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना पुढून-मागून दगड लावलेले. आता रेग्युलेटर असलेल्या कंप्रेसरने हळूहळू अर्धा बार भरा. ०.८ च्या वर जायचं नाही, आणि झाकणाच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही. सुटलं तर गोळीसारखं येतं. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडे जाईल, ते स्वाभाविक आहे. कुठल्याही जोडावर बुडबुडे मात्र चालायचे नाहीत.

बुडबुडे आले नाहीत तरी थांबू नका. दाब असताना प्रत्येक होज हाताने पिळा, ओढा, आणि इंजिनाला लाकडी दांड्याने हलका रेटा देऊन हलवा. राजेंद्रनगरातल्या आमच्या अंगणात दादाची गाडी अशीच सापडली. गाडी स्थिर होती तोवर एकही बुडबुडा नव्हता. इंजिन एका बाजूला रेटलं आणि टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या खालच्या होजमधून फुसकारा आला. क्लॅम्पच्या अगदी कडेला, खालच्या अंगाला, वरून डोळ्याला न दिसणारी चीर. हा होज काही आठवड्यांपूर्वीच नवा घातलेला होता.

होज फाटला, पण का

त्याच त्या दुखण्याची गाठ या प्रश्नाशी सुटते, म्हणून इथे घाई करू नका. होज बदलून गाडी दिली असती तर ती पुन्हा काही आठवड्यांनी घाटात उभी राहिली असती.

पहिलं कारण होजच्या रबरात होतं. कुणीतरी रेडिएटरचा होज मापाने कापून बसवला होता. तो पाण्यासाठी असतो. टर्बोच्या वाटेत तेलाची वाफ कायम असते, आणि रेडिएटरच्या होजचं ईपीडीएम रबर तेलाने फुगतं, मऊ पडतं. त्यात उष्णता. बाहेर ४० अंश असताना एक बार दाब बनवणाऱ्या टर्बोमधून निघणारी हवा १४० अंशांच्या आसपास असते. टर्बो ते इंटरकूलर या गरम बाजूला कंपनीचाच होज घालावा, किंवा आतून फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर असलेला सिलिकॉन होज. अस्तराशिवायचा निळा चकचकीत सिलिकॉन होज तेल पाझरवतो. दिसायला छान असतो, या जागी नको. क्लॅम्प टी-बोल्टचा, आणि होज चढवण्याआधी पाइप व आतली बाजू दोन्ही तेल पुसून कोरडी.

दुसरं कारण जास्त खोल होतं. एकाने ड्रायव्हरच्या जागी बसायचं, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही, इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच किंचित सोडायचा आणि लगेच दाबायचा. दुसऱ्याने बाजूने पाहायचं, गाडीपुढे कधीही नाही. इंजिन थोडं झुकतं आणि परत येतं, एवढं ठीक. दादाच्या गाडीत एक बाजू चांगली इंचभर उचलली जात होती. डावीकडच्या इंजिन माउंटचं, म्हणजे इंजिन फ्रेमवर टेकवणाऱ्या आधाराचं, रबर धातूपासून पूर्ण सुटलं होतं. चढावर पूर्ण टॉर्क पडला की इंजिन कलायचं आणि फ्रेमला बांधलेल्या इंटरकूलरकडे जाणारा होज ओढला जायचा. उतारावर, सपाटीवर, गॅरेजमध्ये इंजिन आपल्या जागी, चीर मिटलेली. बॉक्सने टॉर्क वाढवला तेव्हा हा हिसका आणखी वाढला आणि माउंट लवकर गेलं.

दोन्ही बाजूंचे माउंट आणि गिअरबॉक्सखालचं माउंट, तिन्ही एकदम बदला. एकच नवं घातलं तर मऊ पडलेली बाकीची दोन त्याला लवकर खातात.

टर्बोची बाजू आता थोडक्यात. टर्बोची पाती हलवणारा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर इंजिन चालू करताच त्याची दांडी पूर्ण ओढली गेली पाहिजे आणि बंद केल्यावर न अडखळता परत आली पाहिजे. ओढलीच गेली नाही तर बारीक व्हॅक्यूमची नळी तपासा. बॉनेटखालच्या उष्णतेने ती टोकाला तडकते आणि चार रुपयांच्या तुकड्यापायी टर्बो बदनाम होतो. दांडी अर्ध्यात अटकत असेल तर आतल्या पात्यांवर काजळी आहे, आणि तेव्हा कोड बहुधा जास्त दाबाचा येतो. टर्बो खरोखर गेला असेलच, तर नवा बसवण्याआधी इंटरकूलर काढून त्यातलं सगळं तेल निथळून घ्या. तिथे साचलेलं तेल इंजिनाने ओढलं तर ते डिझेलशिवाय, आपल्याच तेलावर बेफाम पळतं, चावी बंद करूनही थांबत नाही. तसं झालंच तर ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा, किंवा हवेचं तोंड फळीने बंद करा. हाताने नाही.

डिझेल कमी पडत असेल तर

इथे आधी एक कडक इशारा. जुन्या पंपाच्या गाड्यांत मिस्त्री इंजिन चालू ठेवून नोझलच्या नळीचा नट सैल करायचे, हवा काढायचे, कुठला सिलिंडर मेलाय ते पाहायचे. ही सवय अजून हातात आहे. कॉमन रेलवर ती जीवघेणी आहे. या रेलमध्ये भाराखाली १६०० बारपर्यंत दाब असतो. तिथून सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि आत मांस सडत जातं, हात कापायची वेळ येते. चालू इंजिनावर त्या नळ्यांना पाना लावायचा नाही, गळती हाताने शोधायची नाही, आणि इंजिन बंद केल्यावरही दाब उतरायला वेळ द्यायचा. धार लागलीच तर दुखत नाही म्हणून थांबू नका, सरळ एमवाय रुग्णालयात जा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

तपासाला सुरुवात टाकीपासून. पाव टाकीखाली डिझेल असताना चढावर ते मागे सरकतं आणि ओढणारी नळी हवा घेते. टाकी अर्धी भरून तोच चढ घेतला की शंका फिटते. टाकीचा श्वास बुजला असेल तर झाकण उघडताना हवा आत खेचल्याचा आवाज येतो. मग फिल्टर. शेतावर ड्रममधून डिझेल भरणाऱ्या गाड्यांचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरांच्या फार आधी बुजतो, आणि पावसाळ्यात त्याच्या तळाला पाणी साचतं, ते नियमाने काढावं. नवा फिल्टर वरून बाटलीने डिझेल ओतून भरू नका, ते न गाळलेलं डिझेल सरळ पंपात जातं. हातपंपाने भरा.

फिल्टर ते पंप या वाटेत थोडा वेळ पारदर्शक नळी लावून पाहा. सतत बुडबुडे दिसले तर गळती टाकीच्या बाजूला आहे: ओ-रिंग, वॉशर, तडकलेली नळी. इतकं सगळं ठीक असूनही रेल कोसळत असेल तेव्हा नोझलच्या परतीची चाचणी करा. चारही नोझलच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि इंजिन काही मिनिटं चालवा. एक बाटली बाकीच्यांपेक्षा उघड उघड जास्त भरली तर तो नोझल आतून गळतोय आणि पंपाने बनवलेला दाब तोच खातोय. पंपाचा नंबर यानंतर लागतो.

धूर बाहेर जायची वाट

ईजीआर व्हॉल्व्ह थोडा जळलेला वायू परत इंजिनात सोडतो. तो उघडा अडकला की जळलेला वायू ताज्या हवेची जागा घेतो, काळा धूर येतो, दम जातो. लोक त्यावर पत्रा टाकून ती वाट कायमची बंद करतात. करू नका, व्हॉल्व्ह काढून साफ करा, मॅनिफोल्डच्या तोंडावरची काजळीची साय खरवडून काढा, आणि ती आत पडू देऊ नका. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्यांत बहुधा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. दिवसभर शहरात दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो स्वतःला जाळून साफ करायला वेळच मिळत नाही. अशा गाडीला आठवड्यातून एकदा देवास किंवा धारच्या रस्त्यावर एका वेगाने अर्धा तास पळवा. साफसफाई चालू असताना सायलेन्सरच्या वाटेत ६०० अंशांपर्यंत तापमान जातं, म्हणून मंडीत पेंढा किंवा पोत्यांच्या चिंध्या पसरलेल्या जागी गाडी उभी करायची नाही. आणि इंजिन ऑइल कमी राखेचंच, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. साध्या तेलाची राख डीपीएफमधून जळून जात नाही.

उष्णता: इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत चिखल आणि मिरचीची फोलं घट्ट बसतात. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. मागच्या बाजूने हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा.

मग दम वाढवायचा कसा

वरचं सगळं झाल्यावर दादाला बॉक्स परत लावायची इच्छाच राहिली नाही, कारण मूळ गाडी किती ओढते हे त्याने त्या दिवसापर्यंत पाहिलेलंच नव्हतं. फाटक्या वाटेवर रीमॅप करणं म्हणजे भोक पडलेल्या टाकीला मोठी मोटर लावणं आहे.

तरीही वाढवायचंच असेल, तर माझं मत हवेपासून सुरू करा असं आहे. कंपनीचा बंद फिल्टरडबा आणि पुढून थंड हवा, चांगले होज, स्वच्छ इंटरकूलर, बरोबर हवेचे टायर, आणि ब्रेक मोकळे सुटतात की नाही हे चाक उचलून पाहणं. घासत राहणारा एक मागचा ब्रेक जेवढा दम खातो तेवढा कुठलाही बॉक्स परत देत नाही. इंधनाचा नकाशा बदलणं, ईजीआर किंवा डीपीएफ काढणं या वाटेला जाऊ नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही, आणि कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. धंद्याच्या गाडीला फिटनेस आणि विमा लागतो. अपघातानंतर असा बदल निघाला तर विम्याचा दावा अडकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ब्रेक, क्लच, कूलिंग मूळ दमाच्या हिशेबाने बनलेले असतात. गणेश घाटाच्या उतारावर भरलेली गाडी थांबवायला वाढवलेला दम उपयोगी पडत नाही.

दुरुस्तीनंतर

पुन्हा तोच चढ, तेवढाच माल, तोच गिअर, रेकॉर्डिंग चालू. हवेचा दाब मागणीबरोबर चढून वरपर्यंत टिकला पाहिजे, मध्ये खळगा नको. तो दिसला तर दुसरी एखादी चीर अजून बाकी आहे, दाबाची चाचणी परत करा. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे क्लॅम्प एकदा तपासून घ्या. नवा होज तापून बसतो आणि क्लॅम्प सैल पडतात. माउंटचे बोल्टही तेव्हाच. चावी ऑनचा आकडा, ३००० फेऱ्यांवरचा हवेचा दाब, रेलचा दाब आणि त्या दिवशीचं तापमान गाडीच्या कागदांच्या पाकिटात लिहून ठेवा. पुढे कधी ओढ कमी वाटली तर मिस्त्रीकडे जाताना हा कागद बरोबर न्या आणि आधी तेच आकडे पुन्हा काढायला सांगा.